आमचा मोहल्ला कामकऱ्यांचा होता

(महाड इथं झालेल्या एका सभेतल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं आहे ते 'मोहल्ल्यातलं बालपण' या विषयावर. मी निवृत्त शिक्षिका आहे. त्यामुळे मागे फळा नसला तरी थोडं शिकवल्यासारखं बोलेन, ते सांभाळून घ्या. या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणसं ईदची शेवई, नदीतलं पोहणं, चिंचा-आवळे यांबद्दल बोलतात. ते सगळं आमच्याकडेही होतं. पण आज मला तुमच्यासमोर एक प्रश्न ठेवायचा आहे. आज या गावात कुणाला विचारलं, की तो मोहल्ला कुणाचा, तर उत्तर येतं, 'मुसलमानांचा'. माझ्या लहानपणी हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं, 'खलाशांचा, हमालांचा'. मधल्या पन्नास वर्षांत हे उत्तर कसं बदललं, आणि त्या बदलात कुणाचं काम विसरलं गेलं, ते मला सांगायचं आहे.

माझा जन्म 1966 चा. काजळपुऱ्याच्या बाजूला आमची कौलारू घरांची गल्ली. पहिल्या घरात बाजारात पोती उचलणारे हमाल. त्यांच्यासमोर शिंपीकाम करणारे चाचा, त्यांचं मशीन ओटीवरच असायचं. एक जण बेकरीत रात्रपाळीला जायचे, एक एसटीत कंडक्टर होते. एक विधवा खाला होत्या, त्या लोकांच्या घरच्या शेवया आणि पापड करून द्यायच्या. टोकाला फकिराचं घर. रमजानमध्ये सेहरीला सगळ्या गल्लीला उठवायचं काम त्यांचं. नाल्याच्या पलीकडे मराठ्यांची आणि बौद्धांची घरं. आणि आमच्या घरात, शिवाय आणखी दोन घरांत, बोटीवरचे खलाशी.

तरुण मुलांना आता हे ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकची नोकरी ही कोकणातल्या मुसलमानांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी होती. डेकवर सगळ्यांत वरचा सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, आणि मग खलाशी. इंग्रज कंपन्या यांना लास्कर म्हणायच्या. त्याच बोटीवर तसंच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाला जो पगार, त्याचा एक लहानसा हिस्सा आपल्या माणसाला. 1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा या हिंदी खलाशांनी ब्रिटनच्या आणि इतर बंदरांत काम थांबवलं, काहींनी त्यासाठी तुरुंगही भोगला, आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतली ही माणसं. त्यांच्या संपाची गोष्ट मला शाळेच्या कुठल्याही पुस्तकात भेटली नाही.

बाबांकडे एक नोकरीचं पुस्तक होतं. कुठल्या बोटीवर किती महिने काम केलं, वागणूक कशी होती, याचे शिक्के त्यात असायचे. खलाशी त्याला 'नल्ली' म्हणायचे. आमच्या घरात कुराण शरीफ वरच्या फळीवर, आणि त्याखालच्या फळीवर, मेणकापडात गुंडाळलेली नल्ली. नल्ली हरवली तर पोट हरवलं. एक बोट सुटली की दुसरी लागेपर्यंत बाबा मुंबईला जाऊन राहायचे. कधी मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये, कधी डोंगरीतल्या गावकीच्या खोलीत. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाची एक पेटी, आणि झोपायला पाळ्या. कधी चार महिने, कधी आठ महिने वाट बघायची.

बाबांनी जग पाहिलं होतं. लिव्हरपूल, टिलबरी, ग्लासगो ही नावं आम्ही दापोली-मंडणगडच्या आधी ऐकली. लिव्हरपूलच्या गोदीमागे विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत, पाठीला पाठ लागलेली घरं, आणि बायका सकाळी दाराची पायरी घासून काढतात, असं ते सांगायचे. आम्हाला वाटायचं, साहेबाच्या देशात सगळेच साहेब असणार. बाबा म्हणायचे, "कसले साहेब! शुक्रवारी पगार नि मंगळवारी उधारी. आपल्यासारखीच माणसं ती." हे वाक्य माझ्या फार कामाला आलं. माणसाला त्याच्या कामावरून आणि उधारीवरून ओळखावं, हे मी त्या वाक्यातून शिकले.

आता घरातली गोष्ट. बाबा वर्षातले नऊ-दहा महिने नसायचे. त्यांचा पगार महिन्याला मनीऑर्डरनं यायचा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा, त्यावर दोन-चार ओळी लिहायला जागा. मी तिसरी-चौथीत गेले आणि वाचायला येऊ लागलं, तशी गल्लीतल्या आणि नाल्यापलीकडच्या बायका पोस्टमन आला की मला बोलवायच्या. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा गोदीत, कुणाचा बोटीवर, कुणाचा मुलगा हॉटेलात. मी ते तुकडे वाचून दाखवायचे. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, पण ओळी त्याच. तब्येत सांभाळा. घराची कौलं पावसाच्या आधी करून घ्या. या महिन्यात कमी पाठवले, पुढच्या महिन्यात बघू. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून एक गोष्ट कळली. महाड काय आणि पोलादपूर काय, आमचा हा सगळा मुलूख मुंबईच्या पगारावर उभा होता.

पोलादपूर माझं आजोळ. मे महिन्यात आम्ही एसटीनं सावित्रीवरच्या जुन्या पुलावरून नानीकडे जायचो. तिथं रस्ता दोन घाटांना फुटतो, एक कशेडीकडे आणि एक आंबेनळीतून महाबळेश्वरकडे. म्हणून तिथले बरेच लोक ट्रकवर ड्रायव्हर, क्लीनर, नाहीतर गॅरेजमध्ये. डोंगरातल्या वाड्यांत गेलात तर गणपती आणि होळी सोडली तर जवान पुरुष दिसायचा नाही. नानी म्हणायची, "आपल्याकडं बाप सणाला येतो, आई रोज असते." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, रीत म्हणून सांगितलं होतं.

पुरुष नाही म्हणजे काम थांबत नाही. आमच्या आईनं काय काय केलं त्याची मी एकदा यादी केली होती. अगोट भरणं, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांचा तांदूळ, मीठ, मिरची, सुकट, सुके बोंबील साठवणं. डोंगरातून मोळ्या घेऊन येणाऱ्या कातकरी बायकांशी सरपणाचा भाव ठरवणं. कौलं चाळून घेणं. दुकानदाराची उधारी महिन्याच्या महिन्याला मिटवणं. सासऱ्यांचं आजारपण. मुलांच्या शाळा. आणि पूर. गांधारी आणि सावित्री दोन्ही भरल्या, त्यात समुद्राची भरती आली, की पाणी उतरायला वाट नसते आणि ते बाजारात शिरतं. हे महाडला नवीन नाही. भोंगा वाजला की आई सामान माळ्यावर चढवायची. आधी नल्ली आणि कुराण, मग तांदूळ, मग आम्ही. नाल्यापलीकडच्या काकूंकडे माळा नव्हता, त्यांची दोन मुलं आमच्या माळ्यावर यायची. घरचा हा सगळा कारभार आईनं तीस वर्षं चालवला. पण घर आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड बाबांच्या नावावर, आणि जमातीच्या वर्गणीच्या वहीत बाबांचंच नाव, मोजून पैसे नेऊन देणारी आई असली तरी.

पुढे दोन धक्के बसले. पहिला 1982 चा. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्या मात्र संपल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मनीऑर्डरी वाचायला मला बोलावणं येईनासं झालं, कारण मनीऑर्डरी येईनाशा झाल्या. नाल्यापलीकडचे काका गिरणीत होते, ते पेटी घेऊन घरी आले. काकूंनी भाताच्या लावणीला मजुरीनं जायला सुरुवात केली. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायकांनी आपापल्या अगोटीतून त्यांना तांदूळ दिला, मोजून, आणि मोजूनच परत घेतला. उपकार केल्यासारखं कुणी दाखवलं नाही. काकू पुढच्या वर्षी पायली-पायली करून फेडत राहिल्या.

आमच्या बाजूचे लोक तोवर आखातात जायला लागले होते. बोटींवरची भरती कमी होत होती, तेलाच्या देशांत हात हवे होते. कुवेत, सौदी, दुबई. गल्लीतली कौलं गेली, स्लॅब आले. टेपरेकॉर्डर आले. गाव म्हणू लागलं, मोहल्ला श्रीमंत झाला. खरं म्हणजे तिकडेही आमची माणसं ड्रायव्हर, सुतार, वेल्डर, आचारी हीच होती. बोटीवर निदान नल्ली स्वतःच्या पेटीत असायची. आखातात पासपोर्ट मालकाच्या कपाटात.

दुसरा धक्का तिथूनच आला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत घेतलं. तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानानं परत आणलं गेलं. त्यांत आमच्या भागातले कितीतरी. बँकेतला पैसा तिथं, दागिना तिथं, अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं परतली. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. पाहिलं, की 1982 मध्ये काका जसे ओटीवर बसून राहायचे, तसेच आमचे मामू बसून राहायला लागले. तोच डोळा, तीच विडी. मात्र एक फरक होता. काका परत आले तेव्हा गाव म्हणालं, 'कामगार बेकार झाला'. मामू परत आले तेव्हा काही लोक म्हणाले, 'आखाताची चरबी उतरली'. कामगार म्हणून बघायची सवय तेव्हाच सुटायला लागली होती.

आणि मग 1992-93. मुंबईच्या दंगलींतून पळून आलेली कुटुंबं आमच्या गल्लीत राहिली. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याची स्फोटकं आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली होती. ज्यांनी ते केलं त्यांनी माणुसकीशी वैर केलं. कायद्यानं त्यांना शिक्षा दिली, आणि त्यात आपल्या मनात जर-तर असता कामा नये. पण त्यानंतर रायगडातल्या प्रत्येक मोहल्ल्याकडे बघायची नजर बदलली. पोती उचलणाऱ्या हमालाच्या मुलाला भाड्यानं खोली मिळेना. हळूहळू आपणही गावानं दिलेलं नाव स्वीकारलं. 'आम्ही कोण' याचं आपलं उत्तरही एका शब्दाचं झालं. हमाल, शिंपी, बेकरीवाले, खलाशी, पापड लाटणाऱ्या खाला, सगळे त्या एका शब्दामागे गेले.

त्या शब्दामागे आपल्या आतलेही भेद गेले, हेही बोललं पाहिजे. इस्लाममध्ये उच्चनीच नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पण गल्लीच्या टोकाच्या फकिराच्या घरात कुणी मुलगी दिली नाही, त्यांची मुलगी कुणी केली नाही. लग्नाच्या जेवणात ती मुलं शेवटच्या पंगतीला. कोकणी मुसलमान दालद्यांशी सोयरीक करत नाहीत, आणि आपण त्याला 'रिवाज' म्हणतो. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. जे आपल्या शेवटच्या पंगतीत बसले होते त्यांनी आपल्या कामाचं नाव घेऊन हक्क मागितला.

आता गेल्या दहा वर्षांकडे येते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा तो जुना पूल वाहून गेला. इंग्रजांच्या काळातला, मी आजोळी जाताना ओलांडायचे तोच. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या ध्यानात आलं, की वाहनांचे दिवे पुढे जाऊन नाहीसे होतायत. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पावसात रस्त्यावर उभं राहून येणारी वाहनं थांबवली. परप्रांतातून पोटासाठी आलेला साधा कामगार. त्या रात्री किती घरांचे बाप त्याच्यामुळे वाचले!

24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. इमारत जुनी नव्हती, दहाएक वर्षांची होती. कोविडचे दिवस होते, एकमेकांच्या जवळ जायला माणसं घाबरत होती. तरी आधी धावली ती आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरं. मग जवान आले, यंत्रं आली. एक चार वर्षांचा मुलगा एकोणीस तासांनी जिवंत निघाला, एक वयस्क बाई सव्वीस तासांनी. बघायला जमलेल्यांत सगळे होते. कुणी कुणाचा धर्म विचारत नव्हतं. पुढे गुन्हे दाखल झाले, ते न्यायालय बघेल. मला वेगळं विचारायचं आहे. त्या घरांसाठी पैसे कुठून आले होते? आखातातल्या उन्हातून. आयुष्यभराची कमाई ज्या भिंतीत घालायची, त्या भिंतीची मंजुरी, तिचा नकाशा, तिच्यातलं लोखंड याबद्दल आपण प्रश्न विचारतो का? लग्नाच्या मेनूबद्दल आपण दहा वेळा विचारतो.

त्यानंतर एक वर्षही झालं नाही, तोच 22 जुलै 2021. महाड पाण्यात, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. त्याच दिवशी तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते यांनी जे भोगलं होतं ते पुन्हा. मरण आलं तेव्हा डोंगरानं वाडी मराठ्यांची की मुसलमानांची, हे पाहिलं नाही. पाहिलं असेल तर एवढंच, की घर गरिबाचं आहे आणि उतारावर आहे.

पुरानंतर मी आमच्या बाजूच्या बायकांचे अर्ज लिहून देत होते. पुन्हा तेच काम, लहानपणी मनीऑर्डरी वाचायचे तसं. एका बाईचं घर पूर्ण गेलं होतं. तीस वर्षं ती त्या घरात राहिली. नवरा आखातात. एका कार्यालयात तिला सांगितलं, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारले आहेत, वारसांची नोंद नाही, तुमचा या घराशी संबंध दाखवा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, संबंध कसा दाखवायचा? या भिंती मी सारवल्यात." खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर कागद होता आणि कागदावर तिचं नाव नव्हतं.

कागद आणि हक्क यांचं नातं काय असतं, हे महाडच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. पण पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि हात लावला म्हणून मार खावा लागला. पुढे खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. म्हणजे कागद आहे म्हणून हक्क मिळतोच असं नाही, त्यासाठी झगडावं लागतं. पण कागदच नसेल तर झगडायचं कुठून, हाही प्रश्न आहे.

त्या लढ्यात आपल्या मोहल्ल्याचाही एक धागा आहे. मार्चमधल्या हल्ल्याच्या वेळी काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. बाबासाहेब त्या वेळी पद्मावती बोटीनं दासगाव बंदरात उतरून महाडला आले, आणि 25 डिसेंबर 1927 ला त्याच जागेत मनुस्मृती जाळली गेली. या सत्याग्रहाची आखणी करणारे कॉम्रेड रा. बा. मोरे दासगावचे, त्यांचं पुढचं आयुष्य मुंबईच्या कामगारांत गेलं. फत्तेखानांचं नाव आपण दर वर्षी अभिमानानं घेतो. घ्यावंच. पण जागा देणारा माणूस आज आपल्यात कोण आहे? आपल्याच मशिदीच्या, आपल्याच जमातीच्या बैठकीत आईसाठी, बहिणीसाठी बसायला जागा देणारा?

आणि घरात? बापाच्या पश्चात मुलीला हिस्सा आहे. सूरह निसामध्ये तो सांगितला आहे. तरी आपल्या कितीतरी मुलींना माहेरी बोलावून, गोडधोड करून, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. सही केली नाही तर भाऊ तुटतो. भाऊ तुटेल या भीतीनं केलेल्या सहीला राजीखुशी म्हणायचं का, हे प्रत्येकानं आपल्या घरात विचारावं. फत्तेखानांनी परक्यांना जागा दिली. आपण बहिणीची जागा काढून घेतो.

म्हणून आज मी चार कामं सुचवते. चारही इथं बसलेल्यांच्या हातातली आहेत.

पहिलं, घराच्या कागदावर बाईचं नाव लावा. वारसनोंदी अडकल्या असतील तर त्या आधी करा. नवीन घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे आईचं नाव आणि मग बापाचं, असा नियमच झाला आहे. मुलाच्या नावात आई आली, आता घराच्या नावातही येऊ द्या.

दुसरं, हक्कसोडपत्र तयार करायच्या आधी बहिणीला तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यात सांगा. ते ऐकून ती जे ठरवेल ते ठरवेल.

तिसरं, जमातीच्या बैठकीला बायकांना बोलवा आणि वर्गणीच्या वहीत जी पैसे आणून देते तिचं नाव लिहा. बैठकीत फकिराच्या घरालाही पुढची जागा द्या.

चौथं, इमारतीत घर घेताना मंजुरी आणि नकाशे मागा. नाही दिले तर 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. आपल्या गल्लीत अर्ज लिहिता येणारी मुलं आता घराघरांत आहेत. माझ्या वेळी मी एकटी होते.

मुलांनो, तुमच्यासाठी आणखी एक काम. एक वही घ्या आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन विचारा, की या घरानं आजवर काय काम केलं? आजोबा कुठल्या बोटीवर होते? आजीनं कुणाकुणाच्या शेवया केल्या? वडील कुठल्या उन्हात उभे राहिले, आता बिरवाडीच्या एमआयडीसीत कुणाची मुलं कुठल्या पाळीला जातात? नाल्यापलीकडच्या घरांतही जा. नावं लिहा, बायकांची आधी लिहा, कारण त्यांची दुसरीकडे कुठंच लिहिलेली नाहीत. ती वही तयार झाली की गावातल्या शाळांमध्ये नेऊन वाचा. कुणी विचारलं, की तो मोहल्ला कुणाचा, तर हातातली वही उघडून दाखवायची. भाषणापेक्षा ते उत्तर जास्त टिकेल.